रॅम मोकळी असतानाही ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ का येतो?

लिनक्सचं मशीन चालू आहे, वेबसाइट उघडतेय, रात्रीचा बॅकअपही होतोय. पण लॉग उघडला की दर चार-सहा दिवसांनी पाऊण पान मजकूर सांडलेला दिसतो. सुरुवातीला ‘पेज अलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:४’ असं काहीतरी, त्याखाली कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची साखळी), आणि त्याखाली मेमरीचा अख्खा ताळेबंद. ‘फ्री’ कमांड चालवावी तर चारेकशे एमबी मोकळी, आणि ‘अव्हेलेबल’च्या रकान्यात त्याच्या कितीतरी पट. मग सगळ्यांना सुचतो तोच उपाय होतो: रॅम वाढवली जाते. काही दिवस शांतता, आणि मग तोच मजकूर पुन्हा.

‘मेमरी संपली’ असं हा संदेश सहसा म्हणत नाही. खरोखर संपली असती तर ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारून जागा मोकळी करणारी यंत्रणा) एखादी प्रोसेस मारली असती आणि लॉगमध्ये त्याची नोंद वेगळ्या शब्दांत आली असती. इथे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आतल्याच कुठल्यातरी भागाने, बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरने, मोठा तुकडा मागितला आणि त्याला तो मिळाला नाही. न मिळण्याची मुख्य कारणं दोन. एक तर मोकळी जागा विखुरलेली आहे, नाहीतर मागणीच इतकी मोठी आहे की ती कर्नलच्या नियमात बसत नाही. पहिल्या प्रकारात सेटिंग बदलून फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात सेटिंगशी कितीही खेळलात तरी हाती काही लागत नाही, कारण दोष कोडमध्ये असतो किंवा कुणीतरी आभाळाएवढ्या ठेवलेल्या एखाद्या मर्यादेत. वेळ वाया जातो तो दुसऱ्या आजाराला पहिल्याचं औषध देण्यात.

पुढचं सगळं लिनक्सबद्दल आहे, ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी मशीन आणि ४ केबीचं पेज (मेमरी वाटपाचा सर्वांत लहान तुकडा) धरून. आर्मवर पेज १६ किंवा ६४ केबीचंही असू शकतं (रास्पबेरी पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ केबीचं पेज वापरतो), तेव्हा तिथे आकडे त्या पटीत बदलून घ्या.

आधी पहिली ओळ वाचा

‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल -के’ चालवून तो मजकूर शोधा. पहिल्या ओळीवरून तीन प्रकार ओळखता येतात.

पहिला प्रकार: ‘अमुकअमुक: पेज अलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:४, मोड:…’. यात ‘वॉर्निंग’ हा शब्द नसतो. मागणी नियमात बसणारी होती, पण त्या क्षणी पुरवता आली नाही, असा याचा अर्थ.

दुसरा: ‘वॉर्निंग: सीपीयू: … ॲट एमएम/पेज_ॲलॉक.सी’, आणि ट्रेसमध्ये वरच ‘__ॲलॉक_पेजेस’. यात मागणी कमाल ऑर्डरच्याही पलीकडची होती.

तिसरा: तशीच ‘वॉर्निंग’, पण फाइल ‘एमएम/युटिल.सी’ किंवा नव्या कर्नलमध्ये ‘एमएम/स्लब.सी’, आणि फंक्शनचं नाव ‘केव्हीमॅलॉक_नोड’च्या जवळपासचं. यात कुणीतरी एका दमात २ जीबीहून जास्त मागितलेत.

फोरमवर मदत मागताना लोक नेमकी ही ओळ कापून खालचा ताळेबंद चिकटवतात. ती ओळ नसेल तर बाकीच्या मजकुराचा उपयोग निम्म्यावर येतो.

पहिल्या ओळीच्या सुरुवातीला प्रोसेसचं नाव असतं, आणि तिथेही फसगत होते. तिथे डेटाबेसचं नाव दिसलं म्हणून डेटाबेस दोषी ठरत नाही. नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (‘आधी माझं काम कर’ असा हार्डवेअरचा सीपीयूला इशारा) आला त्या क्षणी त्या सीपीयूवर जी प्रोसेस चालू होती तिचं नाव छापलं जातं. खरा मागणारा खालच्या कॉल ट्रेसमध्ये असतो. ट्रेसमधली मेमरी वाटपाची फंक्शनं ओलांडून खाली उतरा; त्यानंतरचं पहिलं अनोळखी नाव, विशेषतः चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव असलेलं, तेच तुमचं गिऱ्हाईक.

ऑर्डर म्हणजे किती, आणि मिळत का नाही

कर्नल मोकळी मेमरी दोनाच्या घातांच्या तुकड्यांत ठेवतो. ऑर्डर ० म्हणजे एक पेज, ४ केबी. ऑर्डर १ म्हणजे ८ केबी, २ म्हणजे १६, ३ म्हणजे ३२, ४ म्हणजे ६४, असं चढत ऑर्डर ९ म्हणजे २ एमबी आणि ऑर्डर १० म्हणजे ४ एमबी. त्यावर काही नाही. प्रत्येक तुकडा भौतिक मेमरीत सलग असावा लागतो. युजरच्या प्रोग्रामला हा त्रास नसतो, कारण त्याला पेज टेबलमधून दिसणारे पत्ते सलग असले की भागतं, मागची पेजं कुठेही असोत. पण ‘केमॅलॉक’ या कर्नलच्या फंक्शनने मेमरी मागणाऱ्या ड्रायव्हरला जागा खरोखर सलग लागते.

सात-बाऱ्यावर दहा एकर आहेत, पण दहा-दहा गुंठ्यांचे चाळीस तुकडे चाळीस ठिकाणी. सलग एक एकर कुठेच नाही. मेमरीचं नेमकं असंच होतं, आणि ते पाहायची जागा म्हणजे ‘/प्रॉक/बडीइन्फो’. त्यातली एक ओळ नमुन्यादाखल अशी धरा:

नोड ०, झोन नॉर्मल: ४१२१० १८३४४ ६१२० ७०२ ३१ २ ० ० ० ० ०

डावीकडून ऑर्डर ० ते १०. गुणाकार केला तर या झोनमध्ये (मेमरीच्या विभागात) सुमारे ४२४ एमबी मोकळी आहे. पण १२८ केबीहून मोठा एकही तुकडा नाही, आणि १२८ केबीचेही दोनच. इथे ऑर्डर ६ ची मागणी आली तर ४२४ एमबी असून नसल्यासारखी.

मग ऑर्डर ४ चे ३१ तुकडे असूनही ऑर्डर ४ ची मागणी का फसते? एक कारण वॉटरमार्क. आणीबाणीसाठी राखलेल्या पातळीखाली साध्या मागणीला उतरता येत नाही. दुसरं कारण लॉगमधल्याच ताळेबंदात दडलेलं असतं. तिथे प्रत्येक आकारापुढे कंसात एक-दोन अक्षरं छापलेली असतात. यू म्हणजे न हलणारी पेजं, एम म्हणजे हलवता येणारी, ई म्हणजे परत मिळवता येणारी. एच म्हणजे इंटरप्टमधल्या मोठ्या मागण्यांसाठी राखीव, आणि सी म्हणजे सीएमएसाठी (कॅमेरा, डिस्प्ले अशांना मोठी सलग मेमरी देणारा राखीव भाग) बाजूला काढलेली. ६४ केबीचे सगळे तुकडे ‘एच’ किंवा ‘सी’चे असतील तर ते साध्या ड्रायव्हरच्या कामाचे नाहीत. हे कंस बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि ‘जागा दिसतेय तरी देत नाही’ म्हणून कर्नललाच शिव्या घालतात.

आणखी एक मेख. ‘केमॅलॉक’मध्ये ८ केबीच्या वरची मागणी थेट पेजांच्या वाटपाकडे जाते आणि पुढच्या घाताला पूर्ण केली जाते. ३३ केबी मागा, सलग ६४ केबीचा तुकडा लागणार. त्यामुळे ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीत एका स्ट्रक्चरमध्ये दोन-चार फील्ड वाढली आणि आकार ३२ केबीची वेस ओलांडून गेला, तर काल ऑर्डर ३ असलेली मागणी आज ऑर्डर ४ होते. ‘अपडेटनंतर सुरू झालं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

ऑर्डर ३ आणि ४ यांच्यामधली वेस कर्नलच्या दृष्टीनेही मोठी आहे. ३ पर्यंतच्या साध्या मागण्यांसाठी कर्नल जिवाचं रान करतो: कॅश रिकामी करतो, पेजं हलवून जागा जुळवतो, वेळ आलीच तर ओओएम किलरलाही बोलावतो. ४ पासून वरच्या मागण्या ‘महागड्या’ धरल्या जातात. त्यांच्यासाठी थोडी खटपट होते, आणि नाही जमलं तर नकार देऊन हा संदेश छापला जातो. त्यामुळे ऑर्डर आणि मोड (मागणारा थांबू शकतो का, जागा कुठली हवी हे सांगणारे ध्वज) एकत्र वाचले की निदान निम्मं होतं:

ऑर्डर ४ किंवा वर, मोडमध्ये ‘जीएफपी_कर्नल’: जागा विखुरली आहे.

ऑर्डर ० ते ३, मोडमध्ये ‘जीएफपी_ॲटॉमिक’: मागणारा इंटरप्टसारख्या ठिकाणी आहे जिथे थांबता येत नाही, त्यामुळे कर्नलला कॅश रिकामी करायची सवडच मिळालेली नाही. राखीव साठा त्या क्षणी कमी पडला. नेटवर्कचा लोंढा आला की हे होतं. जंबो फ्रेमसाठी एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० केलेल्या मशीनवर, प्रत्येक पॅकेटला सलग तुकडा मागणाऱ्या ड्रायव्हरबरोबर, जास्तच. पॅकेट टाकून दिलं जातं आणि टीसीपी ते पुन्हा पाठवतो. महिन्यातून एखाददा येत असेल तर मी याकडे ढुंकूनही बघणार नाही.

ऑर्डर ०, ‘जीएफपी_कर्नल’: इथे मात्र खरोखरच मेमरी संपत आली आहे. हा लेख सोडा आणि मेमरी कोण खातंय ते शोधा.

रॅम वाढवून का भागत नाही

रॅम वाढवली की सुरुवातीला मोठे तुकडे भरपूर असतात, म्हणून काही दिवस बरे जातात. पण लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही; फाइल कॅश ती भरत जाते, मध्येमध्ये कर्नलची न हलणारी पेजं जाऊन बसतात, आणि पुन्हा तुकडेच तुकडे.

काही मशीनवर तर वाढवलेली रॅम मागणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. ६४ बिटी मशीनवर पहिले १६ एमबी ‘डीएमए’ झोनमध्ये, ४ जीबीपर्यंतची मेमरी ‘डीएमए३२’मध्ये आणि त्यापुढची ‘नॉर्मल’मध्ये मोडते. एखादं जुनं कॅप्चर कार्ड फक्त ३२ बिटी पत्ते समजत असेल तर त्याचा ड्रायव्हर ‘डीएमए३२’मधूनच मागणार. तुम्ही ६४ जीबी लावा नाहीतर १२८, त्याला त्याच ४ जीबीच्या अंगणात जागा शोधायची आहे. मोडमध्ये ‘जीएफपी_डीएमए३२’ दिसतंय का ते पाहा, आणि दिसलं तर खरेदीची ऑर्डर थांबवा.

विखुरलेल्या जागेवरचे उपाय

सगळ्यात आधी मोजमाप. ‘बडीइन्फो’ची नक्कल तासातासाला एका फाइलमध्ये जमा होऊ द्या. मोठ्या ऑर्डरचे रकाने हळूहळू आटताहेत, की रात्रीच्या बॅकअपनंतर एकदम कोसळताहेत, हे आठवड्याभरात दिसतं. त्यासोबत ‘/प्रॉक/व्हीएमस्टॅट’मधले ‘कॉम्पॅक्ट_स्टॉल’, ‘कॉम्पॅक्ट_फेल’ आणि ‘कॉम्पॅक्ट_सक्सेस’ हे आकडेही टिपा. फेलचा आकडा सक्सेसच्या मानाने वेगाने पळत असेल तर कर्नल जागा जुळवायचा प्रयत्न करतोय आणि हरतोय.

मग एक प्रयोग. ‘/प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट_मेमरी’ या फाइलमध्ये १ लिहा. कर्नल सगळ्या झोनमधली हलवता येणारी पेजं एका टोकाला सारून मोकळी जागा दुसऱ्या टोकाला जुळवायचा प्रयत्न करतो. ही सोय मेल गॉर्मन यांच्या कामातून २०१० मध्ये २.६.३५ या आवृत्तीत आली. त्याआधी हलणारी आणि न हलणारी पेजं वेगवेगळी ठेवण्याची व्यवस्थाही त्यांनीच २.६.२४ मध्ये आणली होती. १ लिहिल्यावर ‘बडीइन्फो’ पुन्हा पाहा.

उजवीकडचे रकाने भरले तर बातमी चांगली आहे. जागा जुळू शकते, फक्त ती वेळेवर जुळवायला हवी. त्यासाठी ‘व्हीएम.कॉम्पॅक्शन_प्रोॲक्टिव्हनेस’ ही सेटिंग ५.९ आवृत्तीपासून आहे. तिची नेहमीची किंमत २०, मर्यादा १००. ती थोडी वाढवून पाहा, पण १०० वर नेऊन ठेवू नका. पार्श्वभूमीत सतत पेजं हलवत बसणंही फुकटचं नाही. जुन्या कर्नलवर हाच प्रयोग वर्दळ नसलेल्या वेळी क्रॉनमधून (ठरावीक वेळी कमांड चालवणारी सोय) रोज एकदा करणं चालून जातं.

रकाने भरले नाहीत तर न हलणारी पेजं सगळीकडे पेरली गेली आहेत. ‘/प्रॉक/पेजटाइपइन्फो’मध्ये ‘अनमूव्हेबल’ ब्लॉकांची संख्या फुगलेली दिसेल. ती कुणाची हे जाणून घ्यायचं तर बूट करताना ‘पेज_ओनर=ऑन’ द्यावं लागतं (कर्नल त्या सोयीसह बांधलेला हवा). मग ‘डीबगएफएस’मधल्या ‘पेज_ओनर’ या फाइलमध्ये प्रत्येक पेज कुणी घेतलं त्याची साखळी मिळते. हा मार्ग लांबचा आहे, पण मेमरी गळवणारा ड्रायव्हर पकडायला याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही.

‘व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स’ ही सेटिंग म्हणजे तो राखीव साठा. कर्नल ती मेमरीच्या वर्गमुळावरून ठरवतो: ४ जीबीला ८१९२ केबी, १६ जीबीला १६३८४ केबी. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (कर्नलने आपोआप वापरलेली २ एमबीची पेजं) चालू असतील तर तो आकडा आपोआप वर ढकलला जातो. ‘ॲटॉमिक’ प्रकारच्या फेल्युअरवर हाच खरा उपाय: आधी दुप्पट करा, काही दिवस पाहा, मग लागलीच तर आणखी. एकदम एखाद्या जीबीवर नेऊ नका. फार मोठा आकडा दिलात तर मशीन तिथल्या तिथे ओओएममध्ये जातं, आणि असा इशारा कर्नलच्या कागदपत्रांतच दिलेला आहे.

आता ‘ड्रॉप_कॅशेस’. इंटरनेटवर दर दुसरा माणूस हेच सांगतो: त्यात ३ लिहा, क्रॉनमध्ये टाका, विसरून जा. कॅश फेकली की पेजं मोकळी होतात, त्यातली काही शेजारीशेजारी असतात, आणि त्या दिवसापुरता संदेश थांबतोही. पण सलग जागा जुळवणं हे या सोयीचं कामच नाही. कॅश फेकल्यावर तोच डेटा पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो, आणि सकाळी नऊला डेटाबेस का रखडतो याचं कोडं पडलेलं असताना त्याचं उत्तर त्या क्रॉनच्या ओळीत असतं. निदानासाठी एकदा वापरा. कायमचा इलाज म्हणून नको.

मागणारा कोण हेच कळत नसेल, म्हणजे ट्रेस अर्धवट असेल किंवा लॉग फिरून गेला असेल, तर कर्नलच्या ट्रेसिंगमध्ये ‘केमेम’ गटातला ‘एमएम_पेज_ॲलॉक’ हा इव्हेंट चालू करा आणि फिल्टरमध्ये ‘ऑर्डर >= ४ && ऑर्डर < ९’ असं द्या. वरची मर्यादा न घालता सोडलंत तर ह्यूज पेजेसच्या ऑर्डर ९ च्या मागण्यांचाच पूर येईल. सोबत स्टॅकट्रेसचा ट्रिगर लावला की कोण, कुठून आणि किती वेळा मागतंय ते दिसतं.

छोट्या बोर्डांवर कॅमेरा किंवा डिस्प्ले वापरताना ‘सीएमए_ॲलॉक: ॲलॉक फेल्ड’ असा वेगळा संदेश येतो. शेवटी ‘-१२’ असेल तर सीएमएचा राखीव भाग बहुतेक अपुरा आहे; बूट पॅरामीटरमध्ये ‘सीएमए=’ वाढवून द्या.

‘वॉर्निंग’ आली असेल तर वरचं सगळं विसरा

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात जागा आहे की नाही हा प्रश्नच नसतो. ऑर्डर ११ ची मागणी नुकत्याच बूट केलेल्या, रिकाम्या मशीनवरही फेटाळली जाते.

‘पेज_ॲलॉक.सी’मधली वॉर्निंग दिसली तर कुणीतरी ‘केमॅलॉक’ला ४ एमबीहून मोठा आकार दिलेला आहे. तो आकार कुठून आला याच्या मागे लागा. तो मॉड्यूलच्या पॅरामीटरमधून आलेला असू शकतो, म्हणजे कुणी टेबलाचा आकार चढवून ठेवलेला. युजरच्या एखाद्या आयओसीटीएलमधून (प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेल्या आज्ञेतून), न तपासता, आलेला असू शकतो. किंवा डिस्कवरून वाचलेला. खराब झालेल्या पेनड्राइव्हच्या सुपरब्लॉकमध्ये (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असते त्या जागी) एखाद्या फील्डमध्ये कचरा असतो, फाइल सिस्टिमचा कोड त्यालाच आकार समजतो आणि तेवढी मेमरी मागतो. माउंट करताना वॉर्निंग येत असेल तर आधी ‘एफएसचेक’ चालवा. गूगलचा सिझबॉट कर्नलला असंच वेडंवाकडं खाऊ घालून चुका शोधतो, आणि त्याच्या अहवालांत अशा वॉर्निंग ढिगाने सापडतात.

‘केव्हीमॅलॉक’ची गोष्ट थोडी वेगळी. २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीत आलेलं हे फंक्शन आधी सलग तुकडा मागून पाहतं, आणि नाही मिळाला तर गुपचूप ‘व्हीमॅलॉक’कडे वळतं, जे विखुरलेली पेजं जोडून सलग पत्ते देतं. सोय चांगली, पण त्यामुळे आकाराचा धाकच उरला नाही. जुलै २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीने ‘सेक्वॉया’ नावाने एक भेद्यता जाहीर केली: एक जीबीहून लांब पाथ तयार करून तो माउंट करायचा आणि ‘/प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो’ वाचायची. आकाराचा मोठा आकडा आत कुठेतरी साध्या ‘इंट’मध्ये कोंबला जायचा, ऋण व्हायचा, आणि कर्नल बफरच्या कितीतरी मागे जाऊन दहा बाइट लिहायचा. एवढ्यावरून साध्या युजरला रूट होता येत होतं, आणि ही फट २०१४ पासून उघडी होती. दुरुस्ती म्हणून त्या बफरच्या आकारावरच मर्यादा आली. पाठोपाठ, ५.१५ साठी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘केव्हीमॅलॉक’मध्येच अट घातली: आकार ‘इंट’च्या कमाल मर्यादेत, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ बाइटच्या आत, असायला हवा. नसेल तर वॉर्निंग आणि नकार. जुन्या कर्नलवरून ५.१५ किंवा पुढे उडी मारल्यावर ‘नवीन’ वॉर्निंग दिसू लागली, तर दोष बहुधा जुनाच असतो; तो ओळखणारा पहारेकरी तेवढा नवा.

सर्व्हरवर हाच प्रकार भेटतो तो ‘एफएस.एनआर_ओपन’च्या रूपाने. सिस्टिमडी या सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या २४० या आवृत्तीपासून (डिसेंबर २०१८) बूट होताना फाइल डिस्क्रिप्टरची (उघड्या फाइलला मिळणाऱ्या क्रमांकाची) ही कमाल मर्यादा कर्नल मान्य करील तितकी वर नेली जाते, आणि बहुतेक मशीनवर ती १,०७,३७,४१,८१६ वर स्थिरावते. नुसती मर्यादा मोठी असून काही बिघडत नाही. पण एखाद्या प्रोग्रामने, बहुतेक वेळा मर्यादाच तपासणाऱ्या एखाद्या चाचणीने, ‘डप२’ करून त्या टोकाजवळचा क्रमांक मागितला, की कर्नलला तिथपर्यंतचं अख्खं टेबल उभारावं लागतं. प्रत्येक नोंदीला ८ बाइट धरले तर ८ जीबी झाले. मागणी ‘केव्हीमॅलॉक’कडे जाते आणि वॉर्निंग येते. ट्रेसमध्ये ‘ॲलॉक_एफडीटेबल’ आणि ‘एक्स्पांड_फाइल्स’ दिसले की हाच प्रकार समजा. २०२५ मध्ये कर्नलमध्ये दुरुस्ती झाली असून आता वॉर्निंगऐवजी प्रोग्रामला सरळ ‘ईएमफाइल’ ही चूक मिळते. कर्नल बदलता येत नसेल तर ‘सिसकंट्रोल’च्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘एफएस.एनआर_ओपन’ १०,४८,५७६ वर आणा. कर्नलची मूळची किंमत तीच आहे. त्याआधी कुठल्या सर्व्हिसच्या ‘लिमिटएनओफाइल’मध्ये याहून मोठा आकडा लिहिलेला नाही ना, ते तपासा, नाहीतर ती सर्व्हिस सुरू होताना अडेल.

ड्रायव्हर तुमचाच असेल तर

पहिला प्रश्न: हा बफर हार्डवेअर थेट वाचणार आहे का? नसेल तर ‘केमॅलॉक’च्या जागी ‘केव्हीमॅलॉक’ आणि ‘केफ्री’च्या जागी ‘केव्हीफ्री’ एवढ्या बदलाने बहुतेक वेळा काम होतं. पण हे ॲटॉमिक संदर्भात चालत नाही, कारण ‘व्हीमॅलॉक’ला थांबावं लागू शकतं. हार्डवेअर वाचणार असेल तर स्कॅटर-गॅदर वापरा आणि छोट्या तुकड्यांची यादी द्या. हार्डवेअरला तेही जमत नसेल तर बफर प्रोबच्या वेळी (ड्रायव्हर डिव्हाइसचा ताबा घेतो तेव्हा), मेमरी ताजी असताना, एकदाच घ्या आणि धरून ठेवा. डिव्हाइस दर वेळी उघडताना ५१२ केबी मागणारा ड्रायव्हर महिनाभर चाललेल्या मशीनवर कधीतरी तोंडघशी पडणारच.

आकार बाहेरून येत असेल तर त्याला दारातच अडवा. मर्यादा ठरवा, ओलांडली तर ‘ईइन्व्हॅल’ किंवा ‘ई२बिग’ परत करा. संख्या गुणिले आकार असा हिशेब हाताने करू नका. ‘केकॅलॉक’, ‘ॲरे_साइझ’, ‘स्ट्रक्ट_साइझ’ त्यासाठीच आहेत. गुणाकार उतू गेला तर शेवटची दोन्ही फंक्शनं मुद्दाम कमाल आकडा देतात आणि वाटप फसतं. तेव्हा वॉर्निंग दिसली तर तिने तुम्हाला वाचवलेलं असतं: ती नसती तर चिमुकला बफर मिळाला असता आणि त्यापुढची मेमरी तुडवली गेली असती.

‘__जीएफपी_नोवॉर्न’ लावून तोंड बंद करायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो ध्वज दोनच ठिकाणी रास्त आहे असं माझं मत: जिथे फसलं तर दुसरा मार्ग तयार आहे, आणि जिथे मोठा आकार मागणं हा युजरचा हक्कच आहे व नकार त्याच्यापर्यंत नीट पोहोचतो. बीपीएफच्या (युजरचे छोटे प्रोग्राम कर्नलमध्ये चालवणारी सोय) बाबतीत दुसरं कारण खरं होतं, आणि २०२२ पासून ‘केव्हीमॅलॉक’ची वॉर्निंगही हा ध्वज मानते. बाकी ठिकाणी तो लावणं म्हणजे पुढच्या माणसाला अंधारात ठेवणं.

गेलं की नाही, हे कसं ठरवायचं

‘वॉर्निंग’वाले दोन्ही प्रकार एका बूटमध्ये एकदाच छापले जातात. मागणी दिवसातून हजारदा फसली तरी लॉगमध्ये एकच नोंद. त्यामुळे सेटिंग बदलली, दोन दिवस लॉग स्वच्छ दिसला आणि ‘सुटलं’ म्हणून प्रश्न बंद केला, असं होतं. मग पुढच्या रीबूटनंतर तोच मजकूर परत. बदल केल्यावर ‘/सिस/कर्नल/डीबग/क्लिअर_वॉर्न_वन्स’मध्ये १ लिहा, म्हणजे ही एकदाच छापण्याची खूण पुसली जाते, आणि मग तेच काम पुन्हा करून पाहा. ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’मधल्या आकड्यात ५१२ मिसळलेले असतील तर या बूटमध्ये कधीतरी वॉर्निंग येऊन गेली आहे, मग लॉग फिरून पुसला गेला असला तरी. हा आकडा मात्र रीबूटशिवाय उतरत नाही.

‘पॅनिक_ऑन_वॉर्न’ १ असलेल्या मशीनवर यातली कुठलीही वॉर्निंग म्हणजे थेट पॅनिक, कर्नल तिथेच थांबतो. चाचणीच्या मशीनवर ते ठीक. प्रॉडक्शनवर कुणी सुरक्षेच्या यादीतून उचलून ते लावून ठेवलं असेल, तर दर आठवड्याला ‘आपोआप’ रीबूट होणाऱ्या सर्व्हरचं कारण आधी तिथे शोधा.

पहिल्या प्रकारचा संदेश पुन्हापुन्हा येऊ शकतो, पण त्याचाही दर बांधलेला आहे; लॉगमधल्या नोंदी मोजून किती मागण्या फसल्या ते कळत नाही. तिथे ‘बडीइन्फो’ची ती तासातासाची फाइलच कामी येते. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दोन आठवडे शेजारीशेजारी ठेवा, आणि ज्या ऑर्डरची मागणी फसत होती तो रकाना आणि त्याच्या उजवीकडचे रकाने पाहा. ते शून्याला टेकत नसतील तर झालं. टेकत असतील आणि तरीही संदेश थांबला असेल, तर त्या आठवड्यात ते डिव्हाइस कुणी उघडलंच नसण्याची शक्यता जास्त.